इंडिया गेट की समर स्मारक?

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. अशा मुलखातला माणूस दिल्लीला गेला, की हा प्रश्न पडतोच.

इंडिया गेट म्हणजे ब्रिटिश वास्तुकार लुटियन्सची ४२ मीटर उंच कमान, १९३१ सालची. बांधली साम्राज्याने, मेले आपले. तेरा हजारांवर नावं कोरलीत खरी, पण कितीतरी इतकी उंच, की मान अवघडते आणि वाचायचं राहून जातं. लांबून मात्र रुबाब काय विचारता! फोटो तिथेच काढा.

शेजारचं राष्ट्रीय समर स्मारक २०१९चं. ते डोळ्यांत भरत नाही, कारण बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. एकात एक चार वर्तुळं: अमर, वीरता, त्याग, रक्षक. मधोमध स्तंभ आणि ज्योत. सगळ्यांत बाहेर भिंतीऐवजी झाडांच्या रांगा, पहाऱ्यावरच्या जवानांसारख्या. ही कल्पना मला फार आवडली. त्याग चक्राची मांडणी चक्रव्यूहासारखी. तिथे पंचवीस हजारांहून जास्त नावं, प्रत्येकाला ग्रॅनाइटची वेगळी पाटी. आपल्या माणसाच्या नावावर बोट फिरवता येतं.

वेळ एकाचाच असेल तर मी समर स्मारक सांगेन. ऊन उतरल्यावर जा.