जोरात चालणं की सायकलवर इंटरव्हल? रक्तवाहिन्यांच्या बाजूने बघितलं तर

वजन, कॅलरी, पल्स हे सगळं तुम्हाला माहितीच असणार, म्हणून सोडून देतो. प्रश्न एवढाच की एकदा व्यायाम केला तर पुढचे काही तास रक्तवाहिन्यांचं काय होतं, आणि त्यासाठी मिरामार ते दोना पावला झपझप चालणं बरं की जिमच्या सायकलवर इंटरव्हल (थोडा वेळ पूर्ण जोर, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून) मारणं. मी पणजीत दोन्ही केलंय.

आतून यंत्रणा एकच. रक्ताचा वेग वाढला की धमनीच्या आतल्या अस्तरावर घर्षण वाढतं, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैल पडते (१९९८ चं वैद्यकातलं नोबेल याच रेणूवरच्या कामाला मिळालं). मोजायचं तर हाताला बीपीसारखा पट्टा बांधून ५ मिनिटं रक्त अडवतात, मग सोडतात आणि दंडातली धमनी किती टक्के रुंदावली ते सोनोग्राफीवर बघतात; जास्त रुंदावली तर अस्तर चांगलं.

फरक पडतो तो वेळेत. मध्यम जोराच्या व्यायामानंतर हा आकडा साधारण तेवढाच राहतो किंवा थोडा वर जातो. दमछाक होईपर्यंत केलं तर लगेच मोजल्यावर बऱ्याचदा खाली आलेला दिसतो आणि पुढच्या काही तासांत परत वर येतो, कधीकधी आधीपेक्षाही वर. म्हणजे इंटरव्हल वाईट असं अजिबात नाही, उलट महिनोन्महिने करणाऱ्यांत त्याचे निकाल चांगलेच आलेत, शिवाय वेळ वाचतो तो वेगळाच.

मग माझं सायकलवरचं इंटरव्हल का फिसकटलं? तर कूलडाऊन. जोराच्या व्यायामानंतर पायातल्या रक्तवाहिन्या उघड्याच असतात, आणि पेडल एकदम थांबलं की रक्त वर ढकलणारा पोटऱ्यांचा पंप बंद, रक्त खालीच साचतं, बीपी उतरतं, म्हणून शेवटी हळूहळू पेडल मारत राहायचं असतं. पण संध्याकाळी जिममध्ये कोणीतरी खांद्यावर टॉवेल टाकून हॅन्डलपाशी उभाच, "झालं काय रे तुझं?", आणि आपण भिडेखातर उतरतो, मग जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी. मे महिन्यात तर घामाने अंगातलं पाणी गेलेलं, कातडीतल्या रक्तवाहिन्याही पसरलेल्या, त्यामुळे आणखीच. बीपीची गोळी चालू असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

चालण्यात ही भानगडच नाही, गाडीपर्यंत येईतो पाय आपोआप मंदावतात आणि नंतर दुपारपर्यंत अंग हलकं वाटतं, निदान मला तरी. अजून एक म्हणजे तेलकट खाण्यानंतर काही तास हेच अस्तर सुस्तावतं, आणि आधी व्यायाम झाला असेल तर तो फटका कमी बसतो असं अभ्यासांत दिसलंय. सकाळी चालून आल्यावर भाजी-पाव आणि वर मिरची भजी घेणाऱ्याला एवढा आधार पुरे झाला!

पावसाळ्यात मात्र सायकलच, जून ते सप्टेंबर छत्री सांभाळत कसलं झपझप चालणार. आणि घरी स्वतःची सायकल असेल तर माझी अर्धी तक्रार तिथेच संपली, फक्त पंखा समोर ठेवा आणि शेवटची पाच-सात मिनिटं फोन उचलू नका.