महाविद्यालयाचे आरोग्य केंद्र: तपासणी चोख, समुपदेशनाची खोली मात्र भलत्या जागी

सोलापुरातील ज्या महाविद्यालयात माझी मुलगी शिकते, तेथील विद्यार्थी आरोग्य केंद्राशी पालक म्हणून माझा वरचेवर संबंध येतो. पुढील वर्षी प्रवेश घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

केंद्राचे सर्वांत भक्कम काम म्हणजे रक्ततपासणी. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीचे हिमोग्लोबिन पाहिले जाते आणि ते १२ ग्रॅमपेक्षा कमी भरले, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या हातावर ठेवून तिला वाटेला लावले जात नाही; परिचारिका तिला समोर बसवून ती दिवसभरात काय आणि केव्हा खाते, हे विचारून घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही चौकशी अनाठायी नाही. माझ्या मुलीच्या कार्डावर ‘गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी’ असे निळ्या शाईत लिहून दिलेले आहे. चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही. मोहोळ-बार्शीकडून सकाळची एसटी गाठण्यासाठी कपभर चहावर घराबाहेर पडणाऱ्या मुलींना ही एक ओळ गोळ्यांइतकीच मोलाची आहे.

केंद्राच्या आग्रहामुळे वसतिगृहाच्या मेसमध्ये ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि मटकीची उसळ नियमित मिळू लागली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन असलेल्या जिल्ह्यात भाकरीसाठी आग्रह धरावा लागावा, ही गंमतच म्हणायची. उपाहारगृहात अजून वडापावचेच राज्य आहे. एप्रिलमध्ये, पारा चाळिशीपार जातो त्या परीक्षेच्या दिवसांत, पाण्याच्या टाकीजवळ ओआरएसची पाकिटे ठेवतात आणि अख्खे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे, पेल्यात चिमूट-चिमूट टाकू नये, अशी पाटीही लावतात.

आवाराबाहेरचे कामही दखल घेण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार महिलांच्या वसाहतीत, जाऊन तेथील महिलांचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासण्यासाठी डॉक्टरांना मदत करतात. तासन्‌तास एका बैठकीत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या या बायकांशी बोलायला तेलुगू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना आवर्जून पुढे केले जाते, हा विचार मला विशेष आवडला.

माझी नाराजी आहे ती समुपदेशनाविषयी. समुपदेशक मॅडम समजूतदार आहेत, असे मुलीच्या मैत्रिणी सांगतात; परंतु त्यांची खोली शुल्काच्या खिडकीसमोर आहे. शुल्क भरणाऱ्यांची रांग दाराशीच असते, आणि आत जाण्यापूर्वी बाहेरच्या टेबलावरील वहीत नाव, वर्ग व ‘भेटीचे कारण’ लिहावे लागते. मनाने खचलेला मुलगा वर्गमित्रांच्या देखत त्या रकान्यात काय लिहिणार? वेळ दुपारी तीन ते पाच आहे, म्हणजे विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके चालू असताना. आणि ती संपेपर्यंत गावाकडच्या मुलांना बसस्थानक गाठायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे आवश्यक आहे आणि मदतवाहिन्यांचे क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळक लावायचे आहेत. येथे समुपदेशक आहेत, क्रमांकही लावला आहे. पण टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर गॅदरिंगच्या सूचनांखाली झाकला गेला आहे.

ग्रंथालयामागे एक खोली रिकामी आहे. समुपदेशन तेथे हलवावे, कारणाचा रकाना काढून टाकावा आणि मधल्या सुट्टीतही वेळ द्यावी, असा अर्ज आम्ही काही पालकांनी कार्यालयात दिला आहे. तोपर्यंत तपासणीसाठी पाचपैकी साडेचार आणि समुपदेशनासाठी दोन गुण. प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांनी शुल्काच्या रांगेत उभे राहिल्यावर समोरचे दार एकदा पाहून घ्यावे.