सायट्रेन की निवासी वर्ग?

धुळे-नंदुरबारकडचे ओळखीचे पोलीस अंमलदार मला हल्ली हेच विचारतात: सायबर तपास शिकायला मोबाईलवरचं सायट्रेन हे ऑनलाइन पोर्टल पुरेल, की पाच दिवसांच्या निवासी वर्गासाठी साहेबांच्या मागे लागायचं? मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

सायट्रेन वाईट मुळीच नाही. आय-फोर-सी, म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाचं सायबर गुन्हे समन्वय केंद्र, त्याचं हे पोर्टल, पैसे लागत नाहीत. कायद्याचा भाग तर मला तिथेच नीट कळला, कारण अडलं की मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवर. ऑनलाइन कोर्ससाठी कोणी कार्यमुक्त करत नाही. राइट ब्लॉकर म्हणजे जप्त पेनड्राइव्हवर कॉम्प्युटरला काही लिहू न देणारं उपकरण. त्याचा धडा मी सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या बंदोबस्तात, एका कानात इअरफोन घालून पाहिला. शेजारचा हवालदार म्हणाला, "भो, तू घोडा दखाले उना का मोबाईल दखाले?" उरलेला धडा रात्रपाळीत संपवला, तोही दोनदा उठून. परीक्षा पास झालो, प्रमाणपत्र आलं.

वर्गाला जाताना लेखी आदेश असतो, ड्युटीच्या यादीतून नाव निघतं. पहिल्याच दिवशी सरावाचा पेनड्राइव्ह मी सवयीने थेट कॉम्प्युटरला लावला. राइट ब्लॉकर शेजारीच पडलेला! सर रागावले नाहीत, "पुन्हा हॅश काढा" एवढंच म्हणाले. हॅश म्हणजे डेटाचा ठसा, डेटा जरा बदलला तरी तोही बदलतो. आधीचा आणि आताचा जुळेना. मी एकही फाइल उघडली नव्हती. विंडोजनेच परस्पर काहीतरी लिहून ठेवलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबतच्या, प्रमाणपत्रात हॅश भरावा लागतो. खऱ्या गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाने मला तिथेच धरलं असतं.

आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास करायचा तो निरीक्षकाने किंवा त्याच्या वरच्याने, मग आपल्याला काय, असंही काही जण म्हणतात. पण छाप्यात पेनड्राइव्ह उचलणारा हात बहुतेक वेळा अंमलदाराचाच असतो.

घरी लहान लेकरं असतील किंवा ठाण्यात माणसंच कमी असतील, तर सायट्रेन करा, कमीपणा वाटून घेऊ नका. जमलं तर ते आधी उरकून मग वर्गाला जा. दोन्हींतलं एकच मिळणार असेल, तर मी आपला वर्गाचाच अर्ज टाकीन. आणि तो यात्रेच्या आधी. एकदा बंदोबस्त लागला की साहेब सोडत नाहीत.