झाग्रेबमधील द्राझेन पेत्रोविच पायी सहल: घरचे सारे, परदेशातले थोडे

न्युर्नबर्गहून म्युनिककडे जाताना ए-9 महामार्गावर, इंगोलश्टाटच्या थोडे अलीकडे, डेंकेनडॉर्फ नावाच्या गावाची पाटी दिसते. नोकरीनिमित्त मी हा रस्ता अनेक वर्षे वापरत आहे. मात्र 7 जून 1993 रोजी भर पावसात याच रस्त्यावर द्राझेन पेत्रोविच हा क्रोएशियाचा बास्केटबॉलपटू वयाच्या अवघ्या 28व्या वर्षी मोटार अपघातात गेला, हे मला फार उशिरा कळले. नागपूरला शाळेच्या संघात खेळत असताना आमच्यासाठी बास्केटबॉल म्हणजे मायकेल जॉर्डन आणि शिकागो बुल्स एवढेच होते, युरोपातल्या खेळाडूंची नावे आमच्यापर्यंत पोहोचत नसत. त्यामुळे या वर्षी मे महिन्यात सुमारे सातशे किलोमीटर गाडी चालवून सहकुटुंब झाग्रेबला गेलो, तेव्हा शहर पाहण्याच्या आधी मी पेत्रोविचवरच्या चार तासांच्या सहलीची नोंदणी केली. ही सहल एक गृहस्थ जवळजवळ एकट्यानेच चालवतात. पुढे काही उणिवा लिहायच्या असल्यामुळे त्यांचे नाव मी देत नाही.

शुल्क माणशी 40 युरो. त्यात संग्रहालयाचे तिकीट धरलेले आहे, ट्राम आणि बसचे भाडे मात्र आपले आपण द्यायचे, आणि ही गोष्ट नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगितली जात नाही. आम्ही एकूण सात जण होतो. मार्गदर्शकांचे वय पन्नाशीच्या पुढचे, इंग्रजी संथ पण नेमके. सहल साव्स्का रस्त्याजवळच्या त्या चौकात सुरू होते ज्याला पेत्रोविचचेच नाव दिले आहे. समोर तो ज्याच्याकडून खेळला त्या चिबोना बास्केटबॉल क्लबचे सभागृह, तेही त्याच्याच नावाचे, आणि शेजारी त्याचे स्मृतिसंग्रहालय. चिबोना हे नाव लॅटिनमधल्या ‘चांगले अन्न’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आले आहे, कारण क्लबचे पुरस्कर्ते खाद्यपदार्थांचे कारखाने होते. ही माहिती ऐकून माझ्या मुलीने जेवणाची वेळ झाली का असे विचारले आणि सगळा गट मोकळा झाला.

पेत्रोविचच्या मायदेशातील कारकिर्दीबद्दल हे गृहस्थ बोलू लागले की ऐकत राहावे. अॅड्रियाटिक किनाऱ्यावरच्या शिबेनिक या छोट्या गावात 1964 साली जन्मलेला मुलगा शाळा भरण्यापूर्वी सभागृहात जाऊन शेकडो वेळा बास्केटकडे चेंडू फेकत असे, इथून ते सुरुवात करतात. नंतर ते 1983 च्या एप्रिलवर येतात. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. युगोस्लाव्ह अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात त्याचा शिबेन्का संघ सारायेव्होच्या बोस्ना संघाविरुद्ध एका गुणाने मागे होता, आणि अगदी अखेरच्या क्षणी मिळालेल्या दोन्ही फ्री थ्रो (कोणी न अडवता करायच्या फेकी) या अठरा वर्षांच्या मुलाने बास्केटमध्ये घालून संघाला 83-82 असे जिंकून दिले. रात्रभर गावाने जल्लोष केला आणि दुसऱ्याच दिवशी पंचांच्या निर्णयातील त्रुटीचे कारण देऊन निकाल रद्द झाला. फेरसामना खेळायला शिबेन्काने नकार दिला आणि अजिंक्यपद बोस्नाकडे गेले. चाळीस वर्षांपूर्वीचा हा अन्याय मार्गदर्शक अशा आवाजात सांगतात, की आपल्याकडे एखाद्या जुन्या कबड्डीपटूने हातातून गेलेल्या करंडकाची गोष्ट सांगावी.

चिबोनाच्या काळाबद्दलही तपशील भरपूर मिळतात. 1985 साली अथेन्सला युरोपीय करंडकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदवर 87-78 असा विजय, त्यात त्याचे 36 गुण. पुढच्या वर्षी बुडापेस्टला लिथुआनियाच्या साबोनिस या खेळाडूच्या झाल्गिरिस संघाला हरवून युरोपीय करंडक पुन्हा घरी. इथे मात्र माझी पहिली तक्रार येते. सभागृहाकडे बोट दाखवत 5 ऑक्टोबर 1985 रोजी त्याने एका सामन्यात एकट्याने केलेल्या 112 गुणांची कथा सांगितली गेली, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचा समज असा झाला की तो पराक्रम याच छपराखाली घडला. हे सभागृह 1987 सालच्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी बांधले गेले, आणि 1988 मध्ये पेत्रोविच माद्रिदला निघून गेला. म्हणजे ज्या सभागृहाला त्याचे नाव आहे तेथे त्याने चिबोनाकडून जेमतेम एक हंगाम खेळून काढला, आणि दोन्ही युरोपीय करंडक त्याआधीचे आहेत. शिवाय त्या 112 गुणांच्या दिवशी लुब्लियानाच्या स्मेल्ट ऑलिंपिया संघाने नोंदणीच्या अडचणीमुळे कुमार खेळाडू मैदानात उतरवले होते, हेही सांगितले गेले नाही. मी विचारल्यावर गृहस्थांनी हसून मान्य केले. त्या सामन्यात त्याने 22 पैकी 22 फ्री थ्रो मारले, आणि फ्री थ्रोच्या वेळी समोर कुमार असो वा जागतिक विजेता, बास्केटची उंची तीच असते. एवढे भांडवल हाती असताना उरलेले लपवण्याची गरज नव्हती.

संग्रहालयासाठी वेळापत्रकात दीड तास दिला होता, प्रत्यक्षात मिळाले चाळीस मिनिटे, कारण चौकातले बोलणे लांबले. जर्सी, पदके, करंडक, छायाचित्रे आणि सामन्यांची दृश्ये पाहण्यासाठी हा वेळ फारच अपुरा आहे. ज्यांना खरोखर रस आहे त्यांनी आदल्या दिवशी एकट्याने संग्रहालय पाहून मगच सहलीला यावे. एका बाबतीत मात्र मार्गदर्शकांचे कौतुक केले पाहिजे. युगोस्लाव्हियाच्या 1990 च्या विश्वविजेतेपदानंतर ब्वेनोस आयरेसला एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला आणि पेत्रोविचचा संघसहकारी, सर्बियाच्या व्लादे दिवाचने तो हिसकावून घेतला. त्यातून पेत्रोविच आणि दिवाच हे दोन जिवलग मित्र कायमचे दुरावले. हा प्रसंग त्यांनी तीन वाक्यांत, कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता सांगितला. एका पाहुण्याला त्यावर वाद घालायचा होता, तेव्हा ते शांतपणे पुढच्या दालनाकडे वळले.

आता मुख्य उणीव. सभागृहापासून मिरोगोय स्मशानभूमीकडे जाताना आधी निळी ट्राम आणि मग काप्तोलहून बस घ्यावी लागते, आणि पेत्रोविचची परदेशातील पाच वर्षे या प्रवासात, दांड्याला लोंबकळत, थांब्यांच्या घोषणांच्या अधेमधे उरकली जातात. ज्या रेआल माद्रिदच्या प्रेक्षकांना तो डोळ्यांसमोर नको होता, त्यांच्याच संघाकडून 1989 च्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात त्याने इटलीच्या कासेर्ताविरुद्ध 62 गुण केले, एवढे ऐकू आले. त्यापुढे मात्र अमेरिकेतील पोर्टलंडचा अवघा दीड हंगाम एका थांब्यात संपला.

माझ्या मते ही कारकीर्द समजून घ्यायची असेल तर थांबायची जागा पोर्टलंड हीच आहे. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये संघ नवे खेळाडू निवडतात, त्या 1986 च्या निवडीत त्याचे नाव तिसऱ्या फेरीत, साठाव्या क्रमांकावर पुकारले गेले होते. युरोपात ज्याच्या हातात चेंडू असल्याशिवाय सामना सुरूच होत नसे, तो खेळाडू 1989 साली पोर्टलंडच्या ट्रेल ब्लेझर्स संघात क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर यांच्या मागे बेंचवर बसला. पहिल्या हंगामात त्याला सरासरी साडेबारा मिनिटे मिळाली, डॅनी एंज संघात आल्यावर ती सातवर आली. युरोपातले गार्ड अमेरिकेत बचाव करू शकत नाहीत, असा त्या काळी तिथल्या प्रशिक्षकांचा ठाम ग्रह होता. जानेवारी 1991 मध्ये त्याला न्यू जर्सी नेट्सकडे पाठवण्यात आले, आणि पुढच्या पूर्ण हंगामात त्याने सर्व 82 सामने खेळून 20.6 गुणांची सरासरी गाठली, त्यानंतरच्या हंगामात 22.3 गुणांची. तीन गुणांच्या फेकीत तो शंभरातल्या चव्वेचाळीसहून अधिक यशस्वी करत होता, आणि त्या वर्षी लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात त्याची निवडही झाली. लीगच्या निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्यात मात्र त्याला स्थान मिळाले नाही, आणि ते त्याच्या मनाला लागले. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र क्रोएशियाचा संघ घेऊन तो अमेरिकेच्या ड्रीम टीमसमोर, म्हणजे एनबीएच्या ताऱ्यांच्या संघासमोर, उभा राहिला, तेव्हा पहिल्या सत्रात काही क्षण क्रोएशिया 25-23 असा पुढे होता. सामना 117-85 असा गेला, पेत्रोविचचे 24 गुण होते. यातले जवळजवळ सगळे मी आधी वाचलेले असल्यामुळे मला ट्राममध्ये ओळखता आले. माझ्या पत्नीच्या हाती ‘नंतर तो अमेरिकेलाही गेला’ यापलीकडे फारसे काही लागले नाही.

मिरोगोयला पोहोचल्यावर मात्र सगळी तक्रार विसरायला होते. एकोणिसाव्या शतकातील कमानींच्या त्या लांब ओळी, जुनी झाडे, आणि कबरीपाशी मार्गदर्शकांनी मुद्दाम बाळगलेले मौन. तेथे त्यांनी अपघाताबद्दल फक्त एवढेच सांगितले, की पोलंडमधील पात्रता स्पर्धेहून परतताना फ्रँकफर्टला संघ झाग्रेबच्या विमानात बसला आणि तो मोटारीने निघाला. आमच्यासारखे बाहेरचे लोक सोडले तर दोन शाळकरी मुले फुले ठेवून गेली. ती त्याच्या मृत्यूनंतर निदान पंधरा वर्षांनी जन्मलेली असावीत.

कोणाला ही सहल घ्यावीशी वाटेल? बास्केटबॉलचे थोडे ज्ञान असलेल्याला निश्चित. नुसते शहर पाहायला आलेल्याला चार तास जड जातील. लहान मुले बरोबर असतील तर पाणी आणि खाऊ जवळ ठेवावा, कारण मधली विश्रांती नाही. ट्रामचे तिकीट आधी काढून ठेवावे. मी पाचपैकी साडेतीन तारे देईन, आणि संग्रहालयाला पूर्ण दीड तास मिळाला असता तर चार दिले असते.

परतीच्या बसची वाट पाहताना मी गृहस्थांना विचारले, की परदेशातली वर्षे तुम्ही एवढ्या घाईने का संपवता. ते म्हणाले, इथे येणाऱ्यांना जिंकलेले ऐकायचे असते. मग बस येईपर्यंतची वीस मिनिटे ते एकट्या माझ्याशी बोलले: 1991 च्या हिवाळ्यात युद्ध चालू होते, रात्री दिवे बंद ठेवावे लागत, आणि सकाळी वर्तमानपत्र आले की त्यांचे वडील आघाडीची बातमी वाचण्याआधी आतल्या पानावर न्यू जर्सीत काल द्राझेनने किती गुण केले ते शोधून सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवत. हा भाग सहलीत नाही. तो विचारून मिळवावा लागतो.