साइडआर्म आठ महिने वापरला: लेकीच्या बॅटिंगसाठी घेतला होता, त्याचा खरा अनुभव

हा अनुभव लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं, कारण साइडआर्म, म्हणजे बॉल फेकायची काठी, घ्यायच्या आधी मी मराठीत शोध शोध शोधलं आणि कुठंच काही धड सापडलं नाही, सगळे नुसते बॉक्स उघडून दाखवतात आणि दोन बॉल टाकून "मस्त आहे" म्हणून मोकळे होतात. म्हणून सविस्तर लिहिते.

मुलगी चौदा वर्षांची, यंदा नववीत गेली. टॉप ऑर्डरला खेळते. अकॅडमीत नेटवर पंधरा-वीस पोट्टे-पोट्टी असतात, एकेकाला बॅटिंग मिळते दहा मिनिटं, मग बाकीची प्रॅक्टिस घरच्यांनीच करून घ्यायची. ह्यांची ड्युटी नागपूरजवळ कोराडीला, शिफ्टची, म्हणून थ्रोडाउन द्यायचं, म्हणजे समोरून बॉल फेकून तिला खेळवायचं काम माझ्याकडं. रोज सकाळी साठ-सत्तर बॉल. वर्षभर हातानं टाकले आणि 2024 च्या दिवाळीपर्यंत उजवा खांदा इतका धरला की वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले फेकणं बंद करा. लेक म्हणे, "राहू दे मम्मी, मी भिंतीवर खेळते." ते मला काही बरोबर वाटलं नाही.

तेव्हा अकॅडमीच्या सरांनी साइडआर्म सुचवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही एक लांब दांडी असते, पुढच्या टोकाला बॉल अडकेल अशी वाटी. कुत्र्यासाठी लांब बॉल फेकायची जी प्लास्टिकची काठी मिळते तिच्यावरूनच ही कल्पना आली. आपल्या टीम इंडियाचा थ्रोडाउन स्पेशालिस्ट रघू ह्याच काठीनं कोहली-रोहितला ताशी 145-150 किलोमीटर वेगाचे बॉल टाकायचा. दांडीमुळं हात लांब झाल्यासारखा होतो, त्यामुळं खांदा तेवढाच फिरला तरी टोकाला वेग जास्त मिळतो, आणि बोटं उघडावी लागत नाहीत, बॉल आपोआप वाटीतून सुटतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या बर्डीवरून साडेअकराशेला घेतला. लोकल मेक आहे, नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार आहे.

पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे कोणी घेऊन लगेच कोपऱ्यात टाकणार नाही. बॉल एक तर सरळ पायापाशी आपटायचा, नाही तर नेटच्या वरून जायचा. जोर लावायचा नाही हे कळायलाच आठ दिवस लागले. खांदा ढिला ठेवून मनगट शेवटी झटकायचं, बस. आधी बॅट्समनशिवाय, स्टंपसमोर एक वही ठेवून तिच्यावर टप्पा पाडायची सवय केली. डिसेंबर उजाडेपर्यंत दहापैकी सहा वहीच्या आसपास पडू लागले.

पण एक गोष्ट काही केल्या सुधरेना. मधूनच बॉल लवकर सुटायचा आणि कंबरेच्या वर फुलटॉस जायचा. मी समजत होते माझंच मनगट चुकून राहिलं. जानेवारीत असाच एक फुलटॉस, बीमर म्हणतात त्याला, थेट तिच्या खांद्यावर बसला. हेल्मेट होतं, खांद्याला काय असणार! रडली नाही, पण बॅट खाली ठेवून बसून राहिली, आणि मला त्या दिवशी ऑफिसात कामच सुचलं नाही. आपल्याच हातानं लेकीला लागलं, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्या रात्री ह्यांनी जेवणाच्या टेबलवर तिचा बॉल घेतला, भोवती शिवणाचा दोरा गुंडाळला आणि दोरा पट्टीवर धरला. 21.6 सेंटीमीटर. मग शेजारच्या दादाचा बॉल आणून मोजला, तो 22.8. मग दोन्ही बॉल वाटीत बसवून काठी हळूच उलटी केली. मोठा घट्ट राहिला. छोटा नुसत्या उलटं करण्यानं टपकन टेबलवर पडला. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो.

तर मुद्दा हा. नियमात पुरुषांचा बॉल 155.9 ते 163 ग्रॅम, घेर 22.4 ते 22.9 सेंटीमीटर. बायकांचा 140 ते 151 ग्रॅम, घेर 21 ते 22.5. आमची वाटी पुरुषांच्या बॉलची. तिच्यात मुलींचा बॉल सैल बसतो, सैल बसला की लवकर सुटतो, लवकर सुटला की वर जातो. दुकानदाराला मी मुलगी खेळते म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, तरी "सगळ्यांना एकच येतो ताई" म्हणून दिला. एकच येत नाही! लहान बॉलचे वेगळे मिळतात. मुलगी असेल किंवा लहान पोरगा असेल तर दुकानात जाताना आपला रोजचा बॉल सोबत न्या, वाटीत बसवा, काठी उलटी करून हलका झटका द्या, पडला तर घेऊ नका. माझं एवढं एकच वाक्य वाचलं तरी चालेल.

तात्पुरता उपाय म्हणून वाटीच्या आत कापडी चिकटपट्टीचे दोन थर लावले. फरक लगेच दिसला, फुलटॉस जवळपास बंद. उलट तीन थर लावले तर बॉल उशिरा सुटून आखूड पडायला लागला, म्हणजे लेंथ, टप्पा कुठं पडतो ती जागा, पट्टीच्या एका थरावर हलत होती. हिवाळ्यात दवानं बॉल ओला व्हायचा तेव्हा पुन्हा निसटायचा, म्हणून कंबरेला फडकं खोचून प्रत्येक बॉल पुसून टाकायचे.

आता वेगाबद्दल. बाईमाणसाला जमेल का असं बऱ्याच जणींनी विचारलं. जमतं. मी पूर्ण पिचच्या 22 यार्डांवरून टाकतच नाही, सोळा मीटरवरून टाकते. क्रीझ ते क्रीझ अंतर 17.68 मीटर, तिथून 100 च्या वेगानं आलेल्या बॉलला जेवढा वेळ लागतो तेवढाच सोळा मीटरवरून 90 च्या बॉलला लागतो, साधारण 0.64 सेकंद. टप्पा पडल्यावर वेग कमी होतो तो भाग वेगळा. म्हणजे जोर वाढवण्यापेक्षा दोन पावलं पुढं या. खांद्याचं म्हणाल तर फेब्रुवारीपासून दुखणं जवळजवळ गेलं, सत्तर बॉल टाकून ऑफिसला जाते. (दुखत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, मी विचारूनच केलं.)

मधे परीक्षेनंतर महिनाभर बॉलिंग मशीनही लावून पाहिली, वर्धा रोडवर तासाच्या हिशोबानं मिळते. दोन चाकं उलटसुलट फिरतात, मधून बॉल सुटतो, एका चाकाचा वेग कमी-जास्त केला की स्विंग. तिथं खड्ड्याखड्ड्यांचा प्लास्टिकचा बॉल वापरतात कारण लेदरचा बॉल सीममुळं, म्हणजे शिवणीमुळं, दर वेळी वेगळा जातो. एकच शॉट घोटायचा असेल तर मशीनसारखं काही नाही, कव्हर ड्राइव्ह तिनं तिथंच बसवला. पण महिन्यानंतर मॅचमध्ये ती उशिरा हलायला लागली. मशीनमध्ये हात येत नाही ना, नुसतं भोक दिसतं आणि बॉल येतो. बॅट्समन बॉल सुटायच्या आधीच खांदा, कोपर, मनगट बघून अंदाज घेत असतो, ते सगळं गायब. ती स्वतःच म्हणाली, "मम्मी, तुझा बॉल येताना दिसतो, मशीनचा एकदम येते." माझ्यासाठी निकाल तिथंच लागला.

एक गंमतीची माहिती तिला सांगितली तेव्हा ती जाम खूश झाली. नववीच्या गणितात संच आहेत, त्यातल्या वेन आकृत्या ज्यांच्या नावानं आहेत त्या जॉन वेननी बॉलिंग मशीन बनवली होती, आणि 1909 मध्ये ऑस्ट्रेलियाची टीम केंब्रिजला आली तेव्हा त्या मशीननं त्यांच्या एका चांगल्या बॅट्समनला चार वेळा बोल्ड केलं. आता वहीत गोल काढताना बाजूला स्टंप काढते.

बॉल गोळा करण्याबद्दल थोडंसं. साइडआर्मची वाटी बॉलवर दाबली की बॉल न वाकता उचलता येतो, कमरेसाठी हे वरदान. टर्फवर, मॅटवर छान. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर मात्र बॉल खाली रुततो, उचलत नाही, वाटीत चिखल बसतो. टेनिसचे बॉल गोळा करायची नळी असते ती पण घेतली होती, पैसे वाया. टेनिस बॉलचा व्यास 6.54 ते 6.86 सेंटीमीटर, लेदरचा त्याहून जाडा, नळीत अडकून बसतो.

उन्हाळा! हे नागपूरकरांसाठी खास. मे महिन्यात सकाळी साडेपाचला प्रॅक्टिस, सातला घरी, आणि एक दिवस काठी गाडीत मागच्या काचेपाशी राहिली. दुपारी बाहेरच 45, बंद गाडीत किती असेल विचार करा. संध्याकाळी बघितलं तर वाटीचे दोन्ही ओठ फाकलेले, चिकटपट्टीचा डिंक वितळून आत पसरलेला. बॉल धरेचना. ह्यांनी कोमट पाण्यात घालून दाबून पाहिलं, पण पहिल्यासारखी झालीच नाही आणि जूनमध्ये एका बाजूला बारीक चीर गेली. दुकानदार म्हणाला वॉरंटी नाही. सहा-सात महिन्यांत साडेअकराशे गेले, ह्याचा राग आहे मला. सावलीत ठेवायचं एवढं तरी पाकिटावर लिहायला काय जातं?

आठवडा झाला, लहान बॉलवाला दुसरा मागवला. ह्या वेळी दोऱ्याचं माप पाठवून, विचारून. पहिल्याच दिवशी पट्टीशिवाय चाळीस बॉल टाकले, दोनच फुलटॉस. सीम उभी धरून बसवला तर थोडा आत पण येतो, ते शिकून राहिली मी. जुना फेकला नाही. चिरेवर वायर गुंडाळून, दांडीवर मार्करनं "मोठा बॉल" लिहून सरांना दिला, तिथले अंडर-19 चे पोट्टे वापरतात.