बेडफर्ड टीके टिपर : अकरा महिने वापरल्यावर

आधीच कबूल करतो, मला ही जुनी ब्रिटिश लॉरी, बेडफर्ड, नकोच होती. मला हवी होती फोडेन, आठ चाकी, गार्डनर इंजिनवाली. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या चुनखडीच्या खाणींवर मी तसलीच ३० टनी गाडी चालवायचो. गार्डनरचं ६एलएक्सबी म्हणजे साडेदहा लिटरचं, १८० हॉर्सपॉवरचं धूड. मिनिटाला १८५० फेऱ्यांच्या वर फिरायचंच नाही, आणि तिथल्या बक्स्टन गावच्या थंडीत सकाळी रिकामं चालू ठेवलं तर एकेक ठोका मोजून घ्यावा. खाणीच्या वजनकाट्यावर आमची रांग लागलेली असताना मध्येच एखादी दोन ॲक्सलची बेडफर्ड घुसली की आम्ही म्हणायचो, आली बघा भाजीची गाडी.

आता त्या फोडेनच्या किमती ऐकून मी गप्प बसलो. शिवाय आठ चाकी गाडी लावायला अंगण नको, मैदान पाहिजे. मग १९७७ची बेडफर्ड टीके मिळाली. ३३० घनइंची डिझेल इंजिन, पाच गिअर, हौदा उचलायला पोटाखाली दोन जॅक असलेली टिपर बॉडी. काय पडली ते लिहीत नाही, घरी वाचतात.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, केबिन 'एकदम टणक'. पहिल्याच आठवड्यात पायरीवर पाय दिला तर पायरी खाली आणि मी वर लोंबकळतोय. चाकाच्या कमानी आणि दाराचा खालचा पत्रा, सगळीकडे पुट्टी भरून रंग मारलेला. टीके घेणाऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच जावं आणि पायऱ्या, कमानी, फरशीचे कोपरे टोचून बघावेत. इंजिनाचा आवाज नंतर ऐका. इंजिन दुरुस्त होतं, केबिन मात्र पैसे खाते. माझे हिवाळ्याचे तीन महिने नुसत्या वेल्डिंगमध्ये गेले.

पण त्याच तीन महिन्यांत या गाडीबद्दलचं मत पालटायला लागलं. १९६०मध्ये टीके आली तेव्हा बेडफर्डवाल्यांनी इंजिन सरळ सीटच्या मागे टाकलं. इंजिनापाशी पोचायला केबिन उलटवायची भानगडच नाही. दाराच्या मागे दोन्ही बाजूंना वर उचलायची झाकणं आहेत. झाकण उचला, जमिनीवर उभे राहा, ऑइल बघा, फिल्टर बदला, डिझेलमधली हवा काढा. सदुसष्टाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांना याची किंमत कळते. आमच्या फोडेनला साधं ऑइल बघायचं तर पाण्यापावसात आधी काहीतरी चढावं लागायचं. साताऱ्याला लहानपणी हिंदुस्थान मोटर्सची नाकवाली बेडफर्ड पाहिली होती. तिचं बॉनेट उघडून ड्रायव्हर आत अर्धा बुडायचा, नुसते पाय दिसायचे. इथे तसलं काही नाही.

पाने मात्र इंचीच लागतात. घरातला मिलिमीटरचा नवा कोरा सेट बाजूला ठेवून जुना डबा काढावा लागला. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, हे मी मुलाला दोनदा बजावलं होतं. तरी त्याने पाइप लावून अर्धा तास नट घट्टच करत नेला. वर मलाच म्हणतो, "बाबा, गंजलाय पार." मी चहा संपेपर्यंत काही बोललो नाही.

चालवायला कशी आहे? शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर, त्यामुळे घाई असलेल्याने दुसरं काहीतरी बघावं. रिकामी असताना ताशी ४५ मैलांवर ती खूश असते. पन्नासला गेली की आवाजच सांगतो, पुरे आता. आमच्या काळी इथल्या साध्या दुपदरी रस्त्यांवर मोठ्या लॉऱ्यांना ४० मैलांचीच मर्यादा होती. इंग्लंड-वेल्समध्ये ती २०१५मध्ये ५० झाली, त्यामुळे मागचे लोक हल्ली जास्त चिडतात. डिझेल मला लिटरला सव्वाचार किलोमीटरच्या आसपास पडतंय, तेही रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या गाडीत. गिअरचा दांडा डाव्या हाताला, पण जरा मागेच. पहिले आठ दिवस हात हवेत चाचपडत होता.

मॅकल्सफील्डच्या रस्त्याला कॅट अँड फिडल हा पब आहे, साधारण ५१५ मीटर उंचीवर. तिथून खाली येणं म्हणजे आपला खंबाटकी, फक्त वळणं जास्त आणि मेंढ्या रस्त्यावर. जुना नियम आहे, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मे महिन्यात मी शहाणपणा केला आणि एक गिअर वरचा ठेवला. तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेकचा वास केबिनमध्ये. डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, गिअर खाली घेतला, पण हात घामाने ओले झाले होते. गाडीची चूक नव्हती. ब्रेक चांगले आहेत, पण ते डोंगर उतरवायला नाहीत, थांबायला आहेत.

टिपरचं काम अजून मन लावून करावं लागतं. पीटीओ लावा (इंजिनाची ताकद जॅकच्या पंपाला देणारी जोडणी), इंजिन थोडं वाढवा, हौदा उचला, कान जॅककडे. खाणीत असताना एकदा ओला चुरा घेऊन एका बांधकामावर गेलो होतो. जमीन भुसभुशीत. फाळका उघडला, हौदा निम्म्याच्या वर गेला, उजवीकडचा माल सरकला आणि डावीकडचा तसाच चिकटून राहिला. आरशात हौद्याची कड तिरकी दिसायला लागली. अशा वेळी झटकन गाडी पुढे घेऊन माल हिसडून काढायचा मोह होतो, आणि तिथेच गाड्या आडव्या होतात. मी दांडा खाली केला, हळूहळू, श्वाससुद्धा न घेता. हौदा बसल्यावर खाली उतरलो तेव्हा डावं मागचं जोडचाक निम्मं मातीत होतं.

त्यामुळे या बेडफर्डमध्ये घरच्या बागेची माती किंवा शेजाऱ्याची खडी टाकतानाही मी आधी उतरून जमीन बघतो. लोक हसतात, हसू देत. आणि हौदा वर असताना खाली हात घालायचा तर आधी टेकू, मग बाकीचं. जॅकवर विसंबू नये. माझ्या गाडीचा डावा जॅक गळतो. रात्री हौदा वीतभर उचलून ठेवला तर सकाळी बसलेला असतो.

बायको एकदाच सोबत आली, नोव्हेंबरात. अर्ध्या तासाने म्हणाली, "अहो, ह्यात हिटर आहे की नुसतं बटण आहे?" बटण आहे. ते ओढल्यावर ड्रायव्हरच्या उजव्या घोट्याला थोडी ऊब लागते. पाठीचंही तेच. सीट फोम बदलून सुसह्य केली, पण दोन तासांवर मी जात नाही. तरुणपणी असल्याच सीटवर दिवसाला पाच-सहा खेपा मारायचो, हे आता सांगितलं तर मुलालाच काय, मलाही खोटं वाटतं.

सुट्या भागांची मला भीती होती. १९८६मध्ये जनरल मोटर्सने बेडफर्डचा लॉरीचा धंदा बंद केला, पण या गाड्या इतक्या निघाल्या होत्या की माल अजून सापडतो. ब्रेकचे रबरी किट, किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), क्लच प्लेट, सगळं आठवड्याभरात आलं. पत्रा मात्र सापडत नाही, तो बडवूनच घ्यायचा. महिन्यातून एकदा ग्रीस भरायचे सगळे निपल पुसून ग्रीस. किंग पिनला ग्रीस देताना पुढची चाकं जॅकवर उचलून द्या, नाहीतर ज्या बाजूला वजन पडतं तिथेच ते पोचत नाही.

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात माझ्या शेजारी आठ चाकी फोडेन उभी होती, गार्डनरवाली, लाल. मालकाने सुरू केली. तेच ठोके. मी दहा मिनिटं तिथेच उभा. मग त्याला तिचं ऑइल बघायचं होतं. तो शिडी शोधायला गेला तेवढ्यात मी माझ्या गाडीचं झाकण उचलून, बघून, हात पुसूनसुद्धा मोकळा झालो होतो. परतीच्या वाटेवर डिझेल भरलं. जॅकचं सील शुक्रवारी यायचंय.