सॉनिक व्हिज्युअलायझर: आवाजाचा आकार बघण्यासाठी

इलेक्ट्रोअकूस्टिक रचना, म्हणजे रेकॉर्ड केलेले आणि इलेक्ट्रॉनिक आवाज घेऊन केलेलं संगीत, करताना स्वरलिपी पुरत नाही. झांजेच्या एका आघातात धड सा नसतो की रे. असतो तो ठणका, मग थरथरत लांबणारा नाद, मग विरणं. संगीतकार डेनिस स्मॉली यांच्या स्पेक्ट्रोमॉर्फॉलॉजीत, म्हणजे आवाजाचा पोत वेळेनुसार कसा बदलतो ते मांडायच्या पद्धतीत, आवाजाचं वर्णन याच तीन टप्प्यांनी होतं. हे टप्पे डोळ्यांनी बघायचे असतील तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं सॉनिक व्हिज्युअलायझर हे सॉफ्टवेअर जरूर घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

फाइल उघडली की मी स्पेक्ट्रोग्राम (आडवा वेळ, उभी कंपनसंख्या असं आवाजाचं चित्र) लावते आणि सगळ्यात आधी विंडो साइझ बघते, म्हणजे एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा मोजला जातो ते. खरी मेख तिथेच आहे. ४४,१०० हर्ट्झच्या (सेकंदाला तितके नमुने घेतलेल्या) रेकॉर्डिंगला १०२४ नमुन्यांची विंडो म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. झांजेचा ठणका स्वच्छ उभ्या रेघेत दिसतो, पण जवळजवळचे नाद ४३ हर्ट्झच्या जाड पट्ट्यांत मिसळून जातात. ८१९२ केली की पट्टी साडेपाच हर्ट्झच्या आत येते, नाद सुटे होतात आणि ठणका मात्र फिसकटतो. म्हणून मी दोन्ही चित्रं एकाखाली एक लावते. तानपुऱ्याला मोठी विंडोच हवी: जवारीमुळे (घोडीच्या खास घासणीमुळे) मूळ स्वरावरचे उपस्वर वेगवेगळ्या वेळी कसे फुलतात ते रेघारेघांत दिसतं, आणि त्याच चढउतारावर मी सिंथचे (इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचे) थर बसवते. इतका सुंदर आराखडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

चित्रावर चढवायच्या टेक्स्ट लेयरमध्ये (मजकुराच्या थरात) ‘खरखर’, ‘घरंगळतंय’, ‘दबा धरून’ असे आपले शब्द आवाजाच्या नेमक्या जागी लिहिता येतात. एक आग्रह: हे शब्द चित्र झाकून, फक्त ऐकून ठरवा. कान तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे पडद्यावरची फिकट रेघ ऐकताना टोचू शकते.

मनासारखी चिन्हं काढायची असतील तर इना-जीआरएम या फ्रेंच संगीत-संशोधन केंद्राचं अकूस्मोग्राफ हे सॉफ्टवेअर जास्त सोयीचं. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये बाहेर काढलेलं चित्र इमेज लेयरमध्ये आणून ठेवावं लागतं. आवाजाची कापाकापीही इथे होत नाही, त्यासाठी तुमचा नेहमीचा एडिटर लागेलच. आवाज डावीकडून उजवीकडे फिरत असेल तर दोन्ही चॅनेलचे स्पेक्ट्रोग्राम वेगळे लावा, एकत्र केलेल्या चित्रात ती हालचाल दिसत नाही.